मापाच्या वहीत कुरळे केस

सोमवार, ३ मार्च

ही वही मापांची आहे. दुकान बंद केलं तेव्हा अशा सात कोऱ्या वह्या उरल्या. प्रत्येक पानावर छाती, कंबर, बाही, उंची असे रकाने छापलेले. कोरी वही रद्दीत घालणं माझ्याच्यानं होत नाही, म्हणून आता हिच्यात रोजचं लिहिणार आहे. रकान्यांकडे वाचणाऱ्यानं, म्हणजे मीच, दुर्लक्ष करावं.

शनिवारी ही, म्हणजे माझी बायको, पार्लरमध्ये पडली. खाली कापलेले केस पडले होते, त्यावरून पाय सरकला आणि उजवा हात टेकला. मनगट मोडलं. हाडांच्या डॉक्टरनं कोपरापर्यंत प्लॅस्टर घातलंय आणि सहा आठवडे कात्रीला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय.

हिचं पार्लर म्हणजे आमच्या घराची पुढची खोली. एक खुर्ची, एक मोठा आरसा, केस धुवायचं बेसिन आणि दारावर पाटी, 'फक्त कुरळे आणि लहरी केस'. वीस वर्षं हिनं दुसऱ्या केसांना हात लावलेला नाही. लांबलांबून बायका येतात, कारण बाकी सगळीकडे त्यांना एकच सल्ला मिळतो, सरळ करून घ्या. आणि आता आमच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे, सरळ करून देणारं नवीन पार्लर उघडलंय. काचेचा दरवाजा, चार खुर्च्या. सहा आठवडे आपलं दार बंद राहिलं तर सगळ्याजणी रस्ता ओलांडतील, मग आपलं पार्लर संपलंच, असं ही काल दिवसभर छताकडे बघून म्हणत होती.

शेवटी मी म्हटलं, "मी कापतो."

"तुम्ही?"

"एकतीस वर्षं कोट-पँट कापल्यात. तू स्टुलावर बसून सांग, मी कात्री चालवतो."

ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. नको म्हणणार असं वाटलं. पण म्हणाली, "आधी दाढी करा."

दुकान बंद झाल्यापासून चौदा महिने मी विश्रांती घेतोय. मागच्या खोलीत खिडकीशी माझी खुर्ची आहे, तिथून समोरची भिंत दिसते. लोकांना तयार कपडे मिळतात, मास्तर लागत नाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. हिनं मागेही दोन-तीनदा सुचवलं होतं की पार्लरमध्ये येऊन बसा, मदत होईल. बायकांच्या पार्लरात मी काय करू, असं म्हणून मी विषय संपवला होता. आता गोष्ट वेगळी आहे. आता तिचं अडलंय.

दाढी केली. दोन ठिकाणी कापलं.

बुधवार, ५ मार्च

लिहू नये असं वाटतंय, पण लिहितो.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे इथल्या मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. पाठीवर आलेले दाट कुरळे केस. खांद्याच्या खाली दोन बोटं राहू द्या, म्हणाल्या. ही गोळी घेऊन आत जरा आडवी झाली होती. मी म्हटलं, ती येईपर्यंत सुरुवात करून ठेवू.

आमच्या धंद्यात कापड कापण्याआधी पाण्यातून काढतात. जे आटायचं ते आधीच आटतं आणि मग माप चुकत नाही. मी बाईंचे केस धुतले, विंचरून पाठीवर सपाट केले, टेप लावला, अंगावरच्या कापडावर खडूनं आडवी रेघ मारली आणि रेघेवरून कात्री फिरवली. केसाइतकाही फरक नाही. इतका सरळ काठ मी स्वतःच्या लग्नाच्या कोटालाही दिला नव्हता.

मग ते वाळायला लागले.

कापड पाण्यात आटतं. केस पाण्यातून बाहेर आल्यावर आटतात, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी खांदा सुटला, मग मान. कानाच्या पाळीशी थांबतील असं वाटलं होतं, पण थांबले नाहीत. वर चपटे, खाली फुगलेले, दोन्ही बाजूंना तंबूची टोकं निघाल्यासारखे. ही दारात येऊन उभी राहिली आणि तिथेच राहिली. बाई आरशात बघत होत्या. मुलींचा अख्खा वर्ग गप्प करताना वापरत असतील, तसली ती शांतता होती.

"मास्तर, तुम्ही कुठल्या शाळेत होतात?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"तरीच," म्हणाल्या, आणि डोक्याला ओढणी गुंडाळून निघून गेल्या.

 त्यानंतर ही आत जाऊन उशीत तोंड खुपसून पडली. मी दारातून पाहिलं तर खांदे गदगदा हलत होते. दहा मिनिटांनी डोळे पुसत बाहेर आली. चौदा महिन्यांत मी हिला रडताना पाहिलं नव्हतं. जिवाला फार लागलं.

गुरुवार, ६ मार्च

कोणी आलं नाही. बाईंचं डोकं एव्हाना अख्ख्या शाळेनं पाहिलं असणार.

हिला एका हातानं केस बांधता येत नाहीत, म्हणून सकाळी अंबाडा मी घालून देतो. आजचा तिसरा. पहिला डावीकडे गेला होता, दुसरा सुटला. अंबाडा घालताना तिनं शिकवणी घेतली. कुरळे केस कोरडेच कापायचे. एकेक बट बोटांत धरायची, ती जशी पडते तशीच, ओढायची नाही. वळणाच्या मध्यात कात्री घालायची नाही, वळण पूर्ण होतं तिथे घालायची. ओले केस खोटं बोलतात, म्हणाली.

मी म्हटलं, "मग काल सकाळीच सांगायचं होतंस."

"गोळी घेऊन तासभर आडवी झाले होते," ती म्हणाली.

रविवार, ९ मार्च

सराव कशावर करायचा हा प्रश्न होता. माझा तपकिरी स्वेटर उसवला. उसवलेली लोकर तशीच नागमोडी राहते, हे मला दुकानापासून माहीत होतं. तिच्या जुड्या करून खुर्चीच्या पाठीला बांधल्या आणि दिवसभर कापत बसलो. उसवलेली लोकर ताणली तर बारा इंच, सोडली की साडेसात. हा आकडा मी छातीच्या रकान्यात लिहून ठेवलाय.

संध्याकाळी हिनं शेजारी स्टूल ओढून घेतलं आणि लोकरीच्या एकेका जुडीत चुका काढल्या. अकरा निघाल्या. जेवायला उशीर झाला तरी दोघांच्या लक्षात आलं नाही. स्वेटर उबदार होता, पण असो.

शुक्रवार, १४ मार्च

आज बस चालवणाऱ्या एक बाई आल्या. लांबट चेहरा, डोक्याला चिकटून बसणारे बारीक कुरळे केस, त्यावर दिवसभर सरकारी टोपी. त्यांचं म्हणणं एकच होतं, "टोपी काढली तरी डोक्यावर टोपी असल्यासारखं दिसायला नको."

मी ताबडतोब बेसिनकडे वळलो नाही. आधी त्यांच्याभोवती एक चक्कर मारली. आम्ही गिऱ्हाईकाभोवती नेहमी मारतो. उंच, सडपातळ माणसाला उभ्या रेघांचं कापड देत नाहीत, आडवं काहीतरी देतात. मी हिला विचारलं, "कानांपाशी भर ठेवली आणि वरची उंची कमी केली तर?"

ही म्हणाली, "का?"

"चेहरा आखूड दिसेल."

तिनं मान डोलावली. मग मी एकेक बट धरून, न ओढता, पावणेदोन तास कापलं. कपाळावरच्या बटा नाकाच्या मध्यावर येतील इतक्या लांब सोडल्या, कारण लोकरीचा हिशेब आठवत होता. त्या आपसूक वर जाऊन भुवयांवर बसल्या. ही स्टुलावरून तीनदा 'थांबा' म्हणाली आणि एकदा काहीच म्हणाली नाही. त्या एकदाचं मला जास्त बरं वाटलं.

शनिवार, १५ मार्च

सकाळी दहा वीसची बस आमच्या दारावरून जाताना दोनदा हॉर्न वाजला. ही म्हणाली, रस्त्यात कुत्रं असेल. मी बाहेर जाऊन पाहिलं. कुत्रं नव्हतं.

शनिवार, २२ मार्च

एका गिऱ्हाईकानं तक्रार केली की कापलेले केस दोन दिवस छान राहतात, मग सकाळी उठल्यावर झाडूसारखे होतात. ही म्हणाली, "सुती अभ्र्यावर झोपता ना? सुती कापड रात्रभर केस घासतं आणि त्यांचा ओलावा पिऊन टाकतं. गुळगुळीत अभ्रा वापरा."

"तसला मिळतो कुठे?" त्यांनी विचारलं.

 आमच्या पलंगाखाली कोटाच्या सॅटिन अस्तराचे नऊ तागे आहेत. करडा, काळा, तपकिरी, जांभळा आणि एक गडद हिरवा, जो एका गिऱ्हाईकानं मागवला आणि नेलाच नाही. दुपारी मशीनवरची चादर काढली. धूळ पुसली, तेल घातलं. चौदा महिन्यांनी पायाखाली पायडल हललं तेव्हा मला जे वाटलं ते मापाच्या वहीत लिहिण्यासारखं नाही.

सहा अभ्रे शिवले. ही आतून म्हणाली, "काय आवाज चाललाय?"

मी म्हटलं, "अस्तर."

ती बाहेर बघायला आली नाही. पण गुणगुणत होती.

शनिवार, २९ मार्च

मुख्याध्यापिका आल्या. मी पाण्याचा मग बेसिनखाली सरकवला. खुर्चीत बसल्या, पर्स मांडीवर ठेवली आणि म्हणाल्या, "मास्तर, आज ओले करणार असाल तर आधी सांगा. मी छत्री आणलीय."

ओले केले नाहीत. साडेतीन आठवड्यांत वाढले होते किती, तर अर्धा इंच. त्या अर्ध्या इंचात काय काय करता येतं हे मी आज शिकलो. तंबूची टोकं आतून हलकी केली, वर भर येऊ दिली. चौकोनी जबडा आहे त्यांचा, तिथे दोन बटा पुढे सोडल्या, म्हणजे कोपरा मऊ होतो. कोटाच्या कॉलरला आम्ही हेच करतो.

त्या पुष्कळ वेळ आरशात बघत होत्या. म्हणाल्या, "त्या दिवशी शाळेतल्या एक शिक्षिका म्हणाल्या की मी दहा वर्षांनी लहान दिसते. पण त्या बाईंवर माझा विश्वास नाही." मग मानेवरून हात फिरवून, "आज माझा स्वतःचा आहे."

करडा अभ्रा घेऊन गेल्या. त्या गेल्यावर मी बेसिनपाशी उभा राहून नळ उगीचच सोडला आणि बंद केला. मला फार आनंद झाला होता, हे लिहायला हरकत नाही.

मंगळवार, ८ एप्रिल

रंगाचं पहिलं काम. बँकेतल्या रोखपाल बाई, गोल चेहरा, लहरी केस, आणि फोनमध्ये कुठल्यातरी तांबड्या केसांच्या मुलीचा फोटो. असाच हवा, म्हणाल्या.

हिचा नियम असा की कुरळ्या केसांना रंग सरसकट थापायचा नाही. रंगानं केस कोरडे पडतात आणि वळणं ढिली होतात. जिथे बट वळून उजेडाकडे येते, तेवढ्याच ठिकाणी लावायचा, आणि मधल्या बटा सोडत जायचं. हे मला लगेच कळलं. इस्त्रीची घडीही तिथेच चमकते.

पण छटा कुठली, यावर माझं डोकं चाललं. मी बाईंना आरशासमोरून उठवून दारात नेलं. ट्यूबलाइटखाली सगळे रंग खोटे. धागा जुळवायचा तर दारात. दारात फोटोतल्या तांबड्या रंगाचं रीळ त्यांच्या गालाशी धरलं आणि त्या आजारी दिसायला लागल्या. मग दालचिनीसारखं तपकिरी धरलं. बाई स्वतःच म्हणाल्या, "अरेच्चा."

"याच्यापेक्षा एक छटा गडद घेऊ," मी म्हटलं. "रिळावर दिसतो त्याहून धागा शिवणीत फिका दिसतो. केसांचंही तसंच होणार."

ही स्टुलावर बसली होती, ती उठून दाराशी आली. म्हणाली, "हे मी वीस वर्षं अंदाजानं करत आले. कारण आज कळलं." कापही मी सांगितला तसा झाला. गोल चेहऱ्याला हनुवटीशी थांबायचं नाही, खाली उतरायचं आणि वर थोडी उंची द्यायची.

समोरच्या काचेच्या दरवाज्यातून त्यांच्या दोन मुली बाहेर येऊन आमच्या दाराकडे बघत होत्या. मी त्यांना हात केला.

रविवार, १३ एप्रिल

परवा प्लॅस्टर निघणार. ती कात्री घेईल, मी मोकळा.

सहा आठवडे मी याच दिवसाची वाट बघतोय, असं काल हिला म्हणालो. आज मागच्या खोलीत जाऊन खिडकीशी खुर्चीत बसून पाहिलं. भिंत तिथेच आहे. मध्यभागी एक पोपडा निघालाय, तो मला तोंडपाठ आहे. पाच मिनिटांत उठलो.

खरं लिहितो. मला परत त्या खुर्चीत बसायचं नाही. पण पार्लर तिचं, गिऱ्हाइकं तिची, पाटी तिची. हात बरा झालेल्या बाईला, बाई गं मला राहू दे, असं म्हणणं मला जमणार नाही. ती हो म्हणेल, पण दयेनं म्हणेल. दयेनं दिलेली कात्री मला नको.

मंगळवार, १५ एप्रिल

मला तीन गिऱ्हाइकं होती, म्हणून ही एकटीच डॉक्टरकडे गेली. परत आली ती गळ्यात झोळी अडकवून. प्लॅस्टर निघालंय, पण हाड नाजूक आहे. डॉक्टर म्हणाले, अजून निदान सहा आठवडे हात झोळीत ठेवायचा आणि कात्रीला तर शिवायचंही नाही.

मला अर्थातच फार वाईट वाटलं. बिचारीचे अजून दीड महिना हाल. मी तिला धीर दिला, की काळजी करू नकोस, मी आहे. तिनं मान खाली घातली होती.

नंतर कात्र्यांना धार लावताना मी शीळ वाजवत होतो असं ही म्हणते. मला आठवत नाही.

गुरुवार, २४ एप्रिल

रंगाच्या बरणीचं झाकण घट्ट बसलं होतं. मी दोन्ही हातांनी, फडकं गुंडाळून, दाराच्या फटीत धरूनही पाहिलं. हात टेकले आणि चहा घ्यायला आत गेलो. परत आलो तर बरणी उघडी. खोलीत ही एकटी होती, झोळीत हात घालून मासिक वाचत. हवा गरम आहे, झाकण आपोआप सैल झालं असावं.

शिवाय नोंदवहीत गिऱ्हाइकांच्या वेळा ही हल्ली डाव्या हातानं लिहिते. इतकं सुरेख अक्षर. तिच्या उजव्या हाताच्या अक्षरात आणि यात मला फरकच दिसत नाही. माणसानं मनावर घेतलं तर काय होत नाही.

सोमवार, २८ एप्रिल

सुट्टीचा वार म्हणून उशिरा उठलो. ही अंबाडा घालून चहा करत होती. मी विचारलं, "हा कोणी घातला?"

तिनं चटकन सोडला. म्हणाली, "नुसते गुंडाळले होते. नीट नाही बसला. तुम्ही घाला."

मला तर नीट वाटत होता. पण घातला. माझा आता खरंच चांगला बसतो.

शुक्रवार, २ मे

आज दुपारी झोळीत डावा हात होता.

मी म्हटलं, "अगं, मोडला तो उजवा."

तिनं झोळी नीट केली आणि म्हणाली, "डाव्यानं दोन महिने एकट्यानं सगळं ओढलंय. त्यालाही विश्रांती नको का?"

हे मला पटलं. एका पायानं मशीन चालवलं की दुसराच दुखतो, हे मी स्वतः अनुभवलंय. समोर खुर्चीत बस चालवणाऱ्या बाई होत्या. त्यांना त्याच वेळी जोराचा खोकला आला आणि बराच वेळ थांबेना. पाणी दिलं.

सोमवार, ५ मे

पार्लर बंद. सकाळी मी अंबाड्याच्या पिना घेऊन उभा राहिलो तर ही येऊन गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसली. म्हणाली, "आज बांधू नका. कापा."

"कोणाचे?"

"माझे. वीस वर्षं दुसऱ्यांच्या डोक्यांकडे बघतेय. स्वतःचे दोन आरसे धरून टोकांना छाटते आणि बांधून टाकते. कुरळ्यांचं पार्लर आणि मालकिणीचा अंबाडा. शोभतं का?"

मी कात्री दोनदा पुसली. मुख्याध्यापिकांच्या वेळी घ्यायला हवी होती ती काळजी आज घेतली. केस सोडले तर कमरेपर्यंत. मी नेहमीसारखी चक्कर मारली. अठ्ठावीस वर्षं मी या चेहऱ्यासमोर जेवतोय, पण चक्कर मारून पाहिला नव्हता. उभट आहे, कपाळ रुंद, गालाची हाडं छान वर. इतके दिवस त्या अंबाड्यानं सगळं मागे ओढून ठेवलं होतं.

खांद्यापर्यंत घ्यायचं ठरवलं. कपाळावर सैल बटा, कानांपाशी भर, मागे आतून हलके. एकेक बट धरत कापत गेलो. डावीकडे पोचल्यावर मी म्हटलं, "ही बाजू अर्धा इंच लांब ठेवतोय. म्हणजे दोन्ही सारख्या दिसतील."

"का?"

"तुझा डावा खांदा उजव्यापेक्षा अर्धा इंच खाली आहे."

"कधीपासून?"

"पहिलं माप घेतलं तेव्हापासून."

"आणि आज सांगताय?"

"तुझ्या प्रत्येक कपड्यात मी तो उचलून घेतो. सांगायची वेळच आली नाही."

 आरशात पाहिलं तर हिचे डोळे भरलेले. मला वाटलं व्यंग दाखवल्याचा राग आला. मी म्हटलं की कोणाच्या लक्षातही येत नाही, तर म्हणाली, "गप्प बसा आणि कापा."

मग रंग. पुढचे केस पांढरे झालेत, तिला सगळं काळं हवं होतं. मी दारात नेलं. या चेहऱ्याशेजारी काळा रंग नव्या ठिगळासारखा दिसत होता. कपाळावरची पांढरी बट तशीच राहू दे, म्हटलं, ती तुला शोभते. बाकीच्यांवर कॉफीच्या बियांचा तपकिरी, तोही उजेडाच्या वळणांवरच. म्हणजे नवीन पांढरे आले तरी कडा दिसणार नाही.

"हे कुठे शिकलात?"

"रफूत. रफूला नव्या कापडाचा धागा घेत नाहीत. विटलेल्या कापडाचा घेतात."

"विटलेल्या म्हणालात?"

यानंतरची पाच मिनिटं लिहीत नाही.

संध्याकाळी केस वाळले. तिनं आरशात बघितलं आणि हात मागे नेऊन मानेवरच्या बटा चाचपल्या. उजवा हात. मी बघतोय असं दिसताच तिनं 'आई गं' म्हणून तो झोळीत घातला. म्हणजे अजून एवढं दुखतंय. दोन महिने झाले. मी मनात म्हटलं, ती सुंदर दिसते आहे हे खरं, पण या हाताचं काहीतरी केलं पाहिजे.

गुरुवार, ८ मे

अस्तरासाठी दोऱ्याची रिळं आणतो असं सांगून हाडांच्या डॉक्टरकडे गेलो. प्रश्न वहीत लिहून नेले होते. हाड जुळलं का. मोठ्या डॉक्टरला दाखवावं का. कायमचं अधू राहील का.

डॉक्टरांनी कागद काढला. म्हणाले, "हा हात पंधरा एप्रिललाच मोकळा केलाय मी. छान जुळलाय. बादल्या उचला, कात्री चालवा, जितका वापराल तितका बरा, असं सांगितलं."

मी म्हटलं, "पण झोळी?"

"ती त्यांनी मागून घेतली. मी विचारलं कशाला, तर म्हणाल्या, घरी लागेल."

मी आभार मानून बाहेर बाकावर बसलो.  आधी राग आला. तीन आठवडे मी हिची वेणीफणी करतोय, बरण्या उघडतोय, आणि ही. मग बरणी आठवली. अक्षर आठवलं. डावा हात आठवला आणि बस चालवणाऱ्या बाईंचा खोकलाही. आणि मग ते पहिल्या दिवशीचं आठवलं, ती माझ्याकडे बराच वेळ बघत होती आणि म्हणाली होती, आधी दाढी करा. खिडकीतल्या खुर्चीत चौदा महिने मी एकटाच बसलोय असं मला वाटत होतं. ती रोज मागे दारात उभी असणार. आणि दया केलेली मला सोसणार नाही, हेही तिला माहीत होतं. म्हणून तिनं स्वतःलाच अधू केलं.

बाकावर रडलो. हाडांच्या डॉक्टरकडे रडणाऱ्याला कोणी काही विचारत नाही, ते एक बरं आहे.

घरी आलो तर पार्लरच्या खिडकीतून दिसली. उजव्या हातानं झाडत होती, मोकळे केस हलत होते, कपाळावर पांढरी बट. मी दोन पावलं मागे गेलो आणि मोठ्यानं खोकलो. मग सावकाश आत गेलो. हात झोळीत होता.

"मिळाली रिळं?" तिनं विचारलं.

"नाही. वाटेत डॉक्टर भेटले."

तिचा चेहरा पडला. "काय म्हणाले?"

"म्हणाले, घाई करू नका," मी म्हटलं. "अजून पुष्कळ दिवस लागतील."

शुक्रवार, ९ मे

दवाखान्याची ती झोळी खरबरीत आहे आणि तिच्यामुळे मानेवरच्या नव्या बटा घासल्या जातात. ते केसांना चांगलं नाही. सकाळी पहिल्या गिऱ्हाइकाच्या आधी जांभळ्या अस्तराची नवीन शिवून दिली. तिनं उलटसुलट करून पाहिली, माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा झोळीकडे.  मग गळ्यात घातली आणि स्टूल माझ्या शेजारी ओढलं.

पट्टा कुठल्याही खांद्यावर घेता येतो. डाव्या बाजूला अर्धा इंच जास्त धरलाय.